फोटोतून कापलेले स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. चार पाय, त्यातला एक जरा आखूड, आणि डोक्यावर रंगाचे ठिपके. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला चौकशा फार. कोण आले, का आले, काय घेऊन गेले, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका जागी उभे राहून दुसरे करायचे तरी काय?

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या लाकडातून झाला. दार बसवून झाल्यावर सुताराने फळ्यांचे तुकडे जोडले आणि मालकांना म्हणाला, "असू द्या, उपयोगी पडेल." मालक बॅगा शिवतात. जाड कापडाच्या, खांद्याला अडकवायच्या, डब्याच्या, प्रवासाच्या. त्यांनी मला शिलाई मशीनच्या शेजारी ठेवले आणि माझी नोकरी सुरू झाली.

मालकांची एक रीत होती. बॅग शिवून झाली की ती माझ्या डोक्यावर ठेवायची, दोन पावले मागे जायचे, मान तिरकी करून बघायचे. मगच ती गिऱ्हाइकाला दाखवायची. गिऱ्हाईक ती माझ्यावरून उचलायचे, खांद्याला लावायचे, आत हात घालून तळ चाचपायचे. "मजबूत आहे हो," असे कुणी म्हटले की मालक खुलायचे. मीही त्यातली थोडी स्तुती स्वतःकडे वळवून घ्यायचो. बॅग तोलून धरली होती कुणी?

बाकी माझे कौतुक बेताचेच. दिवा बदलायचा असला की सगळ्यांना माझी आठवण व्हायची. भिंती रंगवल्या तेव्हा रंगाऱ्याने डबा माझ्याच डोक्यावर ठेवला, ते ठिपके अजून आहेत. आखूड पायामुळे मी डुगडुगायचो. मालक दर वेळी म्हणायचे, "बघू उद्या." तो उद्या काही उजाडला नाही.

मग बाजार रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला सरकला. आमच्या दुकानापुढून माणसे जाईनाशी झाली. शेवटी दुकान सोडले आणि मशीन, बॅगा आणि मी घरातल्या पुढच्या खोलीत आलो. बॅगा भिंतीवर लटकून राहिल्या. ओळखीचा एक शिंपी मशीन मागत होता. मालक त्याला म्हणाले, "हा हंगाम बघतो. नाही गेल्या बॅगा, तर घेऊन जा."

त्यानंतर मालक रोज मशीन पुसायचे, तेल घालायचे आणि काही न शिवता उठून जायचे. मला ते बघवायचे नाही. मला भीतीही वाटायची. मशीन गेले तर मालकांनी दिवसभर करायचे काय? आणि मग स्टुलाला तरी कोण विचारणार?

तेव्हा मालकांच्या सूनबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "बाबा, आपण नेटवर टाकू या बॅगा. फोटो मी काढते."

"फोटो बघून कोण बॅग घेतं?" मालक म्हणाले.

"फोटो बघून लोक नवरा पसंत करतात," त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या. "बॅगेचं काय घेऊन बसलात?"

इथून माझे कुतूहल जे जागे झाले ते आजतागायत झोपलेले नाही. फोटोत माणसे नेमके बघतात तरी काय?

पहिल्यांदा सूनबाईंनी कुठूनसा एक तयार फोटो आणून लावला. समुद्रकिनारा, हसणारी बाई, डोक्यावर मोठी टोपी. फोटो सुरेख होता. चौकशाही पुष्कळ आल्या, पण सगळ्या टोपीच्या. बॅगेबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. कसे काढणार? आमची बॅग त्या फोटोत नव्हतीच.

मग त्यांनी भिंतीवरच्या साऱ्या बॅगा काढून, दाटीवाटीने मांडून एकच फोटो घेतला. त्यात कुणाकडे बघावे तेच कळेना. ज्या बॅगेचे बक्कल इतके देखणे, ती मागच्या रांगेत चेंगरली होती.

तिसऱ्या खेपेला सूनबाईंनी खिडकीजवळ पांढरी चादर टांगली आणि तिच्यापुढे मला ठेवले. माझ्यावर एकेक बॅग. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो निघत होता. मी आखूड पाय शक्य तितका टेकवून उभा राहिलो. सूनबाईंनी मोबाईलमध्ये डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "बॅग छान आलीय. हे स्टूल मात्र अगदीच भिकार दिसतंय."

आणि त्यांनी मला कापून टाकले. बोटाने, जराही आवाज न करता. पांढऱ्या फोटोत नुसती बॅग तरंगत राहिली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

फोटोखाली माप लिहायचे होते. सूनबाईंनी विचारले तेव्हा मालकांनी बॅगेवर हात पसरला आणि म्हणाले, "तीन विती लांब, दोन विती उंच." जन्मभर ते असेच कापड कापत आले. सूनबाईंनी तसेच लिहून टाकले. घरात कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

फोटो स्वच्छ होते, बॅगा उठून दिसत होत्या. मागणी आली. मालक पुन्हा मशीनवर बसले. पण थोड्याच दिवसांत खोकी परत येऊ लागली. कुणाला बॅग मोठी झाली, कुणाला लहान. सूनबाईंनी एका शिक्षिकेला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बॅग चांगली आहे हो," शिक्षिका म्हणाल्या. "पण मला वाटलं वह्या न्यायला होईल. आली ती एवढी, की मीच आत मावेन. आणि वीत म्हणजे कुणाची वीत?"

सगळ्यांनी मालकांच्या हाताकडे पाहिले. मालकांचा पंजा जेवणाच्या ताटाएवढा आहे.

"साऱ्या जगाला तुमचा हात लावलात," सासूबाई म्हणाल्या.

मालक उठले. त्यांनी मशीनवर कापड पांघरले आणि शिंप्याला बोलावणे धाडले.

सूनबाईंनी फीत आणून सगळ्या बॅगा नीट मोजल्या. पण त्यांचे समाधान होईना. आकडे वाचतो कोण? माणसे आधी बघतात, आणि पुष्कळदा बघूनच थांबतात. त्यांनी मोबाईल सासूबाईंपुढे धरला. "आई, ही केवढी वाटते?"

"डब्याची आहे."

"ही आपली सगळ्यात मोठी, प्रवासाची."

सासूबाई चपापल्या. त्या बॅगांची अस्तरे त्यांनी स्वतः टाचली होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तरी ती डब्याचीच दिसत होती. सूनबाई बोटाने फोटो मागे सारत गेल्या आणि एका फोटोवर थांबल्या. तो न कापलेला होता. त्यात मी होतो.

"अगं, ही तर प्रवासाची," सासूबाई लगेच म्हणाल्या. "दिसतंय की. स्टुलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलीय."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तोवर तसे कुणी माझ्याकडे पाहिले नव्हते. मलाही त्याच क्षणी उमगले. माणूस फोटोत आधी ओळखीचे काहीतरी शोधतो. ते सापडले की त्याच्या आधाराने अनोळखी वस्तू मापून घेतो. बॅग कुणाला ठाऊक नव्हती, पण स्टूल कुणाच्या घरात नसते? ते गुडघ्याएवढे असते हे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. सूनबाईंनी त्याला दारातच थांबवले. "हंगाम अजून संपला नाही, काका. थोडं थांबा." खिडकीच्या त्याच उजेडात त्यांनी सगळे फोटो पुन्हा काढले, एका फोटोत एकच बॅग आणि तिच्याखाली मी, चारही पायांसकट. ठिपकेसुद्धा राहू दिले.

मागणी येत राहिली आणि खोकी परत येणे थांबले. शिक्षिकाबाईंनी वह्यांची बॅग मागवली, ती त्यांच्या मनासारखी निघाली. शिंपी पुन्हा आला तेव्हा मालकांनी मशीनवरून मान वर केली नाही. नुसते म्हणाले, "रिकामं नाही रे आता."

एके दिवशी सूनबाई मोबाईल वाचता वाचता हसू लागल्या. "बाबा, एका बाईंनी विचारलंय, बॅग नको, पण ते खालचं स्टूल मिळेल का?"

माझ्या पायांतले खिळे गार पडले.

मालक हसले नाहीत. म्हणाले, "लिही त्यांना, ते विकायचं नाही. ते आमचं माप आहे."

मग त्यांनी मला उलटे केले, मांडीवर घेतले आणि आखूड पायाखाली चामड्याचा तुकडा ठोकून बसवला. इतक्या वर्षांचा उद्या अखेर उजाडला. रंगाचा डबा शोधू लागले तेव्हा मात्र सूनबाईंनी अडवले. "रंग नका देऊ, बाबा. लोक ओळखतात त्याला."

आता मी डुगडुगत नाही. रोज खिडकीपाशी उभा राहतो आणि आज डोक्यावर कोणती बॅग येणार याची वाट बघतो. तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात पडले असेल, मित्रांनो. त्याला घराबाहेर टाकण्याआधी खिडकीच्या उजेडात आणा, त्याच्यावर काहीतरी ठेवा, दोन पावले मागे जा आणि मान तिरकी करून बघा. मग काय ते ठरवा.