सुताराचा कागद

मस्कतमधल्या गाल्याच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या दोन दुकानांच्या वर, एका जिन्याच्या टोकाला कागदपत्रं स्कॅन करून देणारी एक लहानशी कंपनी होती. कल्पना तिथे चार वर्षं काम करत होती. बँकांच्या जुन्या फायली, कंपन्यांचे करार, दवाखान्यांचे केसपेपर हे सगळं तिच्या टेबलावरून जायचं. त्याआधी, लग्न होऊन मस्कतला येण्यापूर्वी, ती पुण्यात पुराभिलेखागारात मोडीची दफ्तरं वाचत असे. गाल्यात हे कोणाला माहीत नव्हतं. सांगण्याचा प्रसंगच आला नव्हता.

२०१४च्या मार्चमध्ये एडमंड थर्लो नावाचा एक अमेरिकन गृहस्थ चार खोकी घेऊन आला. वय चौऱ्याहत्तर. तेलकंपनीत नोकरी करून ओमानमध्येच राहिलेला, आता बायको गेल्यावर कायमचा परत निघालेला. खोक्यांत त्याच्या एका पूर्वजाचे कागद होते. एलियास थर्लो. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या एका बंदरातून जहाजं पाठवणारा व्यापारी. मोख्याची कॉफी, मस्कतचा खजूर, मुंबईचा कापूस असा त्याचा पसारा. बहिणीच्या मृत्यूनंतर कागद थर्लोकडे आले होते. आता ते तिकडच्या एका ग्रंथालयाला द्यायचे ठरले होते, आणि देण्याआधी त्याला स्वतःसाठी एक प्रत हवी होती.

"दहा दिवसांत माझं विमान आहे," तो म्हणाला. "होईल ना?"

"इन्शाल्ला, होईल," मॅनेजर हुसेनभाई म्हणाले. ते रत्नागिरीचे. गेली अकरा वर्षं कंपनी तेच चालवत होते. ओमानी मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, महिन्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

काम कल्पनाकडे आलं. एकेक पत्र उघडायचं, मऊ ब्रशने झाडायचं, काचेखाली ठेवायचं. कागद जाड होता, शाई तपकिरी झाली होती. वाचायचं काम तिचं नव्हतं, पण डोळे वाचायचेच. एलियास थर्लो मस्कतच्या बंदरातून बायकोला लिहीत होता. उकाडा असह्य आहे. तुझं पत्र येऊन आठ महिने झाले. रोज बोटीची वाट पाहतो. मुलगा चालायला लागला का? कल्पनाला तो माणूस आवडायला लागला होता. तिचा नवरा कौशिक सोहारला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होता, गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शनिवारी परत जायचा. वाट पाहणं म्हणजे काय हे तिला चांगलं कळत होतं.

तिसऱ्या खोक्यात, जहाजाच्या दुरुस्तीच्या याद्यांमध्ये, एक वेगळा कागद निघाला. पातळ, चार घड्यांचा. तिने तो उलगडला आणि तिचा हातच थांबला.

मोडी होती.

चौदा वर्षं झाली होती मोडी वाचून. अक्षर घाईचं, शब्द एकमेकांत गुंतलेले. सुरुवातीला फक्त "मस्कत" लागलं. मग "सुतार". जेवणाच्या सुट्टीत ती जागची हलली नाही. दुपारभर एकेक ओळ वहीत उतरवत गेली. एक शब्द काही केल्या सुटेना, तो सुटला आणि मागची सगळी ओळ उलगडली.

"तीर्थरूप आबा यांसी बालके रामजी सुतार, मौजे साळशेत, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुंबईस टोपीकराचे गलबत दुरुस्त करावयास राहिलो. मस्कतपावेतो चल, तेथून माघारा पाठवितो, ऐसे बोलिला. आता म्हणतो, आपले मुलुखास चल. माझी हत्यारांची पेटी त्याणे आपले खोलीत कुलुपात ठेविली. पेटी टाकोन येववत नाही, वडिलांचे वेळची आहे. कोणी नाखवा येत असेल त्याजबरोबर दोन अक्षरे पाठवावी की घरी बोलाविले आहे. उत्तर हाती आलियावर मी हटून बसेन."

तिने कागद उलटला. मागे इंग्रजीत, आता ओळखीच्या झालेल्या अक्षरात, एलियास थर्लोने लिहिलं होतं : सुताराचा कागद. पाठवू नये. उत्तर आलं तर हा निघून जाईल.

कल्पना उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. पुन्हा उठली. शेजारच्या गॅरेजमध्ये कोणी तरी लोखंडावर घण मारत होतं.

"काय झालं ताई?" हुसेनभाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, कागदाकडे बराच वेळ पाहिलं. "साळशेत म्हणजे देवगडच्या अंगाला," ते म्हणाले. मग चष्मा घालून म्हणाले, "थर्लोसाहेबांना फोन करून सांगा. कागद त्यांचा आहे."

थर्लो तासाभरात आला. मोडी पाहून खूश झाला. पण कल्पनाने इंग्रजीत अर्थ सांगितला आणि मग कागद उलटून दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"हा रॉमी आहे," तो म्हणाला. "आमच्या घरचा जिना रॉमीने केलाय. लहानपणी आम्ही त्याच्या कठड्यावरून घसरायचो. आमच्याकडे सांगतात की रॉमीचा आमच्या घरावर इतका जीव होता की तो कधी परत गेलाच नाही. त्याला आमच्याच जागेत, कुंपणाशी पुरलंय."

कल्पनाने वही मिटली.

थर्लोने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "हा स्कॅनमध्ये नको. यादीतही नको. बाकीचं करा."

"पण सर, ग्रंथालयाला..."

"कागद माझ्या घरातले आहेत," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. मोठ्याने बोलला नव्हता.

तो गुरुवार होता, संध्याकाळी कौशिक आला. जेवताना कल्पनाने सगळं सांगितलं. त्यांची बारा वर्षांची मुलगी उर्वी ऐकत होती. "म्हणजे ही वॉज स्टक?" तिने विचारलं. "ही कुडन्ट जस्ट गो?"

"पेटी सोडून गेला असता तर गेला असता," कौशिक म्हणाला. "कल्पू, सव्वादोनशे वर्षं झाली. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

ते तिलाही कळत नव्हतं. शुक्रवारी ती तिघांसाठी पुरणपोळ्या करायला बसली आणि पुरण लागलं. समुद्रावर गेले तर गाडीतून उतरावंसं वाटेना. थर्लोचा राग येत होता, पण रागाखाली दुसरंच काही तरी होतं, ते हाताला लागत नव्हतं.

रविवारी सकाळी ती ऑफिसात पोचली तेव्हा मधु दारातच उभा होता. मधु कुडाळकडचा, पन्नाशीचा बाइंडर. सुट्या झालेल्या फायली शिवून द्यायचा.

"वयनी, माझो पासपोर्ट कधी गावतलो?" त्याने विचारलं. "आवशीचा काय खरा नाय. माका जावक व्हया."

"साहेबांना विचारते," कल्पना म्हणाली. त्याची आई गणपतीत आजारी पडली, तेव्हापासून ती त्याला हेच सांगत आली होती.

टेबलाशी येऊन तिने ड्रॉवर उघडला. आत लोखंडी कपाटाची किल्ली होती. त्या कपाटात बारा कामगारांचे पासपोर्ट होते. यादी तिच्याच अक्षरात होती. नवीन माणूस आला की त्याच्याकडून पासपोर्ट घ्यायचा, नंबर लिहायचा आणि कुलूप लावायचं, हे चार वर्षं ती करत होती. सगळ्याच कंपन्या करतात, नियमात बसत नसलं तरी, म्हणून तिने कधी त्याचा विचारच केला नव्हता. तिचा स्वतःचा पासपोर्ट घरी होता, कारण ती नवऱ्याच्या व्हिसावर होती.

शुक्रवारपासून हाताला न लागणारी गोष्ट तिला तेव्हा लागली.

तिने कपाट उघडलं, मधुचा पासपोर्ट काढला, यादीत त्याच्या नावापुढे तारीख घातली, सही केली आणि पासपोर्ट बाहेर नेऊन त्याच्या हातात दिला. मधुने तो दोन्ही हातांनी धरला. त्याला वाटलं हुसेनभाईंनी दिला. "साहेबांक सांगा, एक म्हयन्यात येतंय," तो म्हणाला.

हुसेनभाई दहाला आले. कल्पनाने स्वतःच सांगितलं.

"तुम्हाला कोणी अधिकार दिला?" त्यांचा आवाज चढला. "तो परत आला नाही तर? त्याचा व्हिसा, त्याचं तिकीट... अर्बाबला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, कल्पनाने दिला. सही आहे माझी."

"तुमचं काय जातं ताई? तुमचे मिस्टर सोहारला इंजिनियर. तुम्ही उद्या घरी बसाल." ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने, हळू आवाजात म्हणाले, "माझा पासपोर्ट कुठे आहे माहीत आहे? अर्बाबच्या घरी. अकरा वर्षं. अब्बा गेले तेव्हा मागायला गेलो, तर अर्बाब दूर सलालाला गेलेला. तो येईपर्यंत मय्यत उरकली होती."

कल्पनाने त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही, पण मधुला परत बोलवायला फोनही केला नाही.

थर्लोचं विमान बुधवारचं होतं. मंगळवारी दुपारी तो जिना चढून आला. खोकी तयार होती. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि खिशातून तो कागद काढला.

"हा त्याच्या भाषेत वाचून दाखवाल?" त्याने विचारलं. "मला कळणार नाही. तरी वाचा."

तिने वाचला. सावकाश, सगळा. "पेटी टाकोन येववत नाही" इथे ती थांबली, मग पुढे वाचलं. बाइंडिंगच्या खोलीतल्या माणसांनी हात थांबवले होते. हुसेनभाई दारात उभे होते.

"माझ्या आजोबांनी हा कागद पाहिला असणार," थर्लो म्हणाला. "वडिलांनीही. मागची ओळ तर इंग्रजीतच आहे. पाच दिवस मी तेच करत होतो जे त्यांनी केलं." त्याने कागद टेबलावर ठेवला. "स्कॅन करा. यादीत घाला. तुमचं वाचन त्याच्यासोबत लावा, तुमच्या नावानिशी. आणि एक प्रत त्याच्या गावी पोचवता येईल का?"

कल्पनाने हुसेनभाईंकडे पाहिलं.

"मधु उद्याच्याच विमानाने चाललाय," ते म्हणाले. "कुडाळहून देवगड काही लांब नाही. द्या त्याच्याकडे."

तिने देवनागरीत स्वच्छ प्रत लिहिली, मूळ कागदाचा फोटो जोडला आणि पाकीट मधुला दिलं. थर्लो जाताना तिच्याशी हात मिळवून गेला. त्याला बरं वाटलं असेल असं तिला वाटलं नाही. तो थकलेला दिसत होता.

महिनाअखेर अर्बाब आला. चहा घेता घेता त्याने कपाटाची किल्ली कल्पनाकडून हुसेनभाईंकडे द्यायला सांगितली आणि म्हणाला, "खलास." ती तिची नोकरी संपल्याची सूचना होती की फक्त किल्लीची, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. हुसेनभाईंनी तो घेतला, आणि निरोप देताना सांगितलं की त्यांनी आपला पासपोर्ट मागितला आहे. "बघू म्हणालाय," ते म्हणाले. "पण मागितला तरी."

एप्रिलच्या शेवटी मधुचा फोन आला. मागे कोंबडे ओरडत होते.

"वयनी, साळशेताक जावन इलंय. सुतारांची तीन घरां आसत. रामजी कोणाक म्हायत नाय. देवळात सगळ्यांक वाचून दाखवलंय."

"काय म्हणाले ते?"

"इचारी होते, ह्यो जमनीचो कागद आसा काय? नाय म्हटलंय, तशे जरा नाराज झाले. पण एका म्हाताऱ्यान ठेवन घेतलो. फ्रेम करतलो म्हणता."

कल्पनाला हसू आलं, आणि मग एकदम रडू.

"आई कशी आहे तुमची?" तिने विचारलं.

"उठान बसता आता. वयनी, मी काय परत येणंय नाय. हुसेनभाईंक तुमीच सांगा."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः फोन करा त्यांना. ते उचलतील."

तिने फोन ठेवला. उर्वी शाळेतून यायला अजून तासभर होता. पुण्याच्या जुन्या ऑफिसला, पुराभिलेखागाराला लिहायचं पत्र चार दिवस अर्धं पडलं होतं. तिथे मोडी वाचणारी माणसं हवी होती, घरबसल्या, स्कॅनवरून. तिने लॅपटॉप उघडला, अर्धं पत्र वाचलं, पुसून टाकलं, आणि उठून घरभर एक फेरी मारून पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली.