अंगठ्यावरचं कुंकू

"सुलू, कागद देवामागं ठेव. कोणाच्या हाती देऊ नको," सासरे शेवटच्या दुखण्यात म्हणाले होते. सुलूने शब्द पाळला. एडवणची वाडी सासऱ्यांनी घेतली तेव्हाचं, त्यांचा अंगठा असलेलं जुनं खरेदीखत कधी घराबाहेर गेलं नाही. दर दसऱ्याला कोयत्याशेजारी पाटावर मांडून ती त्याला हळदकुंकू वाहायची, एवढंच.

आता एका दलालाने दुसरंच खरेदीखत पुढे आणलं होतं. सासऱ्यांनी हयातीतच वाडी त्याला विकली, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली अंगठा. घरच्यांनी तहसीलदारांकडे हरकत घेतली होती.

"हा खोटा ठरवायला त्यांचा खरा अंगठा हवा," म्हणत पालघरच्या वकिलांनी जुना कागद उजेडाकडे धरला. "काकी, इथं तर नुसतं लाल आहे!"

"त्यावरच कुंकू लावायचे मी. पाया पडायला मामंजींचं दुसरं काय उरलं होतं?"

"चोराला जमलं नसतं ते तुम्ही केलंत. हरकत फेटाळली जाणार, काकी. उगाच खेपा घालू नका."

बाहेर धाकटी जाऊ हिरा थांबली होती. नवरा गेल्यापासून ती वाडीतल्याच घरात राहायची.

"ताई, मी एकली नाय उभी राहणार सायबापुढं."

"मी येईन," सुलू म्हणाली.

सुनावणी सोमवारी होती. सुलूचा उपास. महादेवाला बेल वाहताना तिने आज काही मागितलं नाही. कागद पिशवीत घातला, दार ओढून घेतलं आणि हिराला सोबत घ्यायला ती वाडीच्या वाटेला लागली.