गुडघ्याखालची नस

लुळं पडलं होतं रुख्माबाईचं पाऊल, आणि घरच्यांनी मोडीत काढलं होतं तिचं डोकं. तळेगावच्या त्या घरात महिनाभर हाच तमाशा चालला होता, आणि रुख्माबाईला आता त्याचा वीट आला होता.

झालं होतं एवढंच. हरभरा सोंगायला आला, बाया मिळेनात, म्हणून साठी ओलांडलेली ही बाई स्वतःच विळा घेऊन वावरात उतरली आणि दिवसचे दिवस उकिडवी बसून सोंगत राहिली. एका संध्याकाळी उठली, तर उजवं पाऊल वर होईना. चप्पल गळून पडे, अंगठा जमिनीला घासे. दुखत काही नव्हतं. शेजारची शोभाबाई आली, पाऊल हलवून पाहिलं आणि म्हणाली, "धनंजय, हा लकवा हाये. तुह्या मायले हवा लागली."

संपलं. लकवा म्हटला की पुढचं सगळं ठरलेलं. खोली बंद, खिडकीला चादर, कानाला मफलर. दही नाही, आंघोळ नाही, दोन्ही वेळा तेलाची मालीश. बाहेर ऊन तापू लागलं होतं आणि ही आत मफलर गुंडाळून घाम पुसत बसलेली. तेही तिनं सोसलं असतं. पण लकवा म्हणजे मेंदूचं दुखणं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे जो तो तिच्याशी ओरडून, एकेक शब्द तोडून बोलू लागला. सून पौर्णिमा दारातून हाका घाली, "आई. जेवल्या. का."

"जेवली न बापा. बहिरी नाई झाली मी," रुख्माबाई म्हणे. तशी पौर्णिमा नवऱ्याकडे बघून मान हलवी. आता चिडावं तरी पंचाईत, कारण चिडणं हेही दुखण्यातच जमा होत होतं.

त्या खोलीत पडल्या पडल्या रुख्माबाईनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. तिची लेक छाया, नवऱ्यानं दुसरी बायको केल्यापासून, सिंदी रेल्वे या गावी एका खोलीत एकटी राहत होती. हे रुख्माबाईला आतून खात होतं, पण धनंजयचं तोंड बघून ती आजवर गप्प बसली होती. आता नाही बसली. "धन्या, छायाले घरी आण," ती म्हणाली. "मागची खोली तिले देऊ. अन् नाल्याकाठचं वावर तिच्या नावानं करतो मी. वावर माह्या नावाचं हाये."

धनंजयनं आईची उशी सरळ केली. "हो आई, हो. तू आराम कर," म्हणाला. मग बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झाला वाट्टे." मधली भिंत काही किल्ल्याची नव्हती. रुख्माबाईला सगळं ऐकू आलं.

त्यानंतर तिनं विषय काढला की हेच. हो आई, हो. भांडावं कुणाशी, समोरचा हो म्हणतो तर? आणि मग तिलाच धास्ती पडली. इतकी माणसं एका सुरात सांगतात, तर खरंच काही बिघडलं असेल का? ती डोळे मिटून स्वतःची परीक्षा घेऊ लागली. नणंदांची नावं, त्यांची गावं, कोणत्या वावरात कधी काय पेरलं. सगळं बरोबर येई. पण ते बरोबर आहे हे ठरवणारंही हेच डोकं, मग भरवसा कसा ठेवावा? या विचारानं तिची झोप उडाली.

महिना उलटला तरी पाऊल जिथल्या तिथं, तेव्हा कुठं धनंजयनं तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण होती वेदश्री नावाची तरुण पोरगी.

"काकू, कधीपासून होतंय?"

"महिना झाला मॅडम, हरभरा सोंगला तेव्हापासून," धनंजय बोलला.

"हातात ताकद आहे?"

"हाताचं तसं..."

"त्यांना बोलू द्या," डॉक्टरीण म्हणाली. रुख्माबाईला वाटलं, या पोरीची दृष्ट काढावी.

डॉक्टरणीनं तिला हसायला लावलं, डोळे गच्च मिटायला लावले, दोन्ही हात समोर धरायला लावले. गुडघ्यावर हातोडी मारली, तसा पाय झटकन उडाला. पावलावरून कापूस फिरवला. तळव्याला कळत होतं, वरच्या बाजूला बधिर होतं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाड लागतं तिथं तिनं बोटानं टिचकी मारली, आणि मुंग्यांची ओळ थेट पावलापर्यंत गेली. रुख्माबाई दचकली.

"इथंच आहे तुमचं दुखणं," डॉक्टरीण म्हणाली. "असं बघा. मेंदू म्हणजे धरण. पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो, तो कालवा. त्यातून नसा फुटतात, त्या पाटचाऱ्या. फक्त हे पाणी दोन्हीकडून वाहतं. हुकूम खाली जातो, खबर वर येते. पाऊल उचलणारी नस या हाडाला वळसा घालून जाते, आणि तिथं तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. तुम्ही उकिडव्या बसून राहिलात, ती दबली. धरण भरलेलं आहे, कालवा वाहतोय, अडलंय ते पाटचारीत. लकवा असता तर बहुतेक तोंडानं, हातानं काहीतरी सांगितलंच असतं."

"मंग बरं होईन?"

"पाऊल वर धरायला पट्टा देते, व्यायाम सांगते. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. काही महिन्यांत पाऊल उचलता येईल, असं मला वाटतं."

धनंजयचा चेहरा खुलला. "वा, मॅडम, मोठं काम झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

रुख्माबाईनं मात्र तिला पाहिजे तेच विचारलं. "अन् डोक्याचं?"

"डोक्याला काय झालंय? एकदम ठणठणीत आहे. महिन्याभरापूर्वीही होतं."

रुख्माबाईनं कानाचा मफलर सोडून मांडीवर ठेवला आणि ती पोराकडे वळली. "आयकलं न? जे बोलली ते शुद्धीत बोलली मी. आता सांग, छायाले कधी आणून राह्यला?"

धनंजय आईकडे बघेना. टेबलाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून तो डॉक्टरणीला हळूच म्हणाला, "मॅडम, नसेचं समजलं. पण एकदा डोक्याचा फोटो काढून घेतला असता तर?"

"कशासाठी?"

"नाई, म्हणजे खात्री. निघू शकते न काहीतरी?"

महिनाभर रुख्माबाई समजत होती, पोरगं आईच्या जिवाला भिऊन राह्यलं. म्हणून तर तिनं तो मफलर सोसला होता. आता तिला कळलं, पोरगं भीत होतं ते डोकं चांगलं निघेल म्हणून. इतका संताप तिला त्या बंद खोलीतही आला नव्हता.

"फोटो नोको बाई," ती डॉक्टरणीला म्हणाली. "छायाले मीच आणतो."

धनंजयनं धरायला हात पुढे केला. तो तिनं घेतला नाही. भिंतीचा आधार घेत, पाऊल उंच उचलून टाकत ती दाराबाहेर पडली आणि समोर दिसलेल्या पहिल्या माणसाला तिनं विचारलं, सिंदीची गाडी कुठून सुटते.