तिकोनी रानातला चौरस

अर्पिताला माकणी गावाजवळच्या शाळेत रुजू होऊन तीन महिने झाले होते. त्या दिवशी सहावीच्या वर्गात ‘चौरस आहार’ शिकवायचा होता.

“चौरस म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“चारी बाजू सारख्या!” वर्ग एका सुरात ओरडला.

“मग चौरस आहार?”

“चौकोनी भाकर, बाई!” निकिता म्हणाली आणि वर्ग हसून लोळला.

अर्पितानं पुस्तकातली व्याख्या लिहून दिली. ती कुणाच्याच डोक्यात शिरली नव्हती, हे तिला दिसत होतं.

शाळेची खिचडी रांधणाऱ्या गिरिजाबाईंनी ते सगळं ऐकलं होतं. वाढता वाढता त्या म्हणाल्या, “बाई, शनवारी शाळा सुटली की पोरं घिऊन माझ्या रानात या. तुमचा त्यो शबूद तितं हाय.”

रान म्हणजे एकराचा तुकडा, चौथा कोपरा ओढ्यानं खाल्लेला. “ह्ये तर तिकोनी हाय!” पोरं खिदळली.

“बांध तिकोनीच हाय. आत तर बगा.”

भोवती नजर जाईल तिथवर नुसतं सोयाबीन. इथं मात्र बाजरी, तिच्यात तूर, तुरीच्या पायाशी मटकी, बांधाला अंबाडी आणि तीळ, ओढ्याकडेला शेवगा. अर्पिता बघतच राहिली.

“बाजरीनं पोट भरतंय,” गिरिजाबाई सांगू लागल्या. “पर नुसत्या बाजरीनं अंगात जोर येत न्हाय, त्याला डाळ लागती. डाळीला तेल लागतंय. आन् पालाभाजीबिगर रगात वाढत न्हाय. कशावाचून अडलं न्हाय पायजे, ह्येला म्हनायचं चौरस.”

“सगळं सारख्या मापानं?” अर्पितानं विचारलं.

“न्हाय वो. बाजरी ओंजळभर, तीळ चिमूटभर. ज्येच्या त्येच्या गरजेपुरतं.”

इतकी साधी गोष्ट आपल्याला पुस्तकात सापडली नव्हती, याचं अर्पिताला नवल वाटलं. “पण सगळे सोयाबीन पेरताना तुम्ही एकट्याच कशा वेगळ्या राहिलात?”

“हसायचे की लोक. शेजारचे धोंडप्पा म्हनायचे, गिरिजा, रान पेरलंस का फरसाण कालवलंस? मग दोन सालाखाली आठ दिस पावसानं झड धरली. सोयाबीन कुजलं, माझी बाजरीबी गेली. चढावरची तूर तेवढी ऱ्हायली. पुढच्या सालाला धोंडप्पाच बियाणं मागाया आले.”

“मग?”

“दिलं की. त्येंचीबी लेकरं खात्यात न्हवं का?”

बांधापलीकडं धोंडप्पांच्या सोयाबीनमधून तुरीच्या ओळी वर डोकावत होत्या.

घरी येऊन अर्पितानं शब्दकोश उघडला. चौरस हा शब्द मूळच्या ‘चतुरस्र’वरून आलेला, चतुरस्र म्हणजे चार कोनांचा, आणि सर्व अंगांनी परिपूर्ण असाही. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली.

चाचणीत ‘चौरस’ हा शब्द वाक्यात वापरायला दिला. बहुतेकांनी लिहिलं, ‘आपण चौरस आहार घ्यावा.’ निकितानं लिहिलं होतं: ‘गिरिजामावशी खिचडी करतात, रान करतात, पाण्याची मोटार बिघडली तर खोलतात आणि हसणाऱ्यालाही बियाणं देतात. त्या लई चौरस आहेत.’

इथं ‘चतुरस्र’ हवं होतं. अर्पितानं लाल पेन उचललं, पण खाली ठेवलं. पूर्ण गुण देऊन ती पेपर घेऊन थेट स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं.

“ही पोरगी कायबी लिवती,” गिरिजाबाई पुटपुटल्या आणि पातेल्यावरचं झाकण त्यांनी उगाचच दोनदा उचलून ठेवलं.