अडुसष्ट टक्क्यांवरून मागे फिरणारा

मित्रांनो, जुना लॅपटॉप ओळखायचा तो त्याच्या कळांवरून. माझ्या तीन कळांवरची अक्षरे झिजून गेली आहेत, झाकणाची डावी बिजागरी कुरकुरते आणि पंखा फिरू लागला की आमच्या आजी म्हणतात, "लागली बिचाऱ्याला धाप." असा मी आहे. तरी रोज सकाळी उजळतो, हे काय थोडे झाले?

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे हातमोजे घातलेले पुष्कळ हात होते. एकीने पडदा बसवला, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने मला पहिल्यांदा सुरू करून पाहिले आणि हसून खोक्यात निजवले. डोळे उघडल्यावर दिसलेला तो पहिला चेहरा मी विसरलेलो नाही.

खोके उघडले ते एका गोदामात. दोर, सुतळी, ताडपत्र्या आणि खिळ्यांची पोती यांच्यामध्ये एक टेबल होते आणि त्या टेबलाशी आमचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते. सगळे त्यांना ‘भांडारकाका’ म्हणत. उजव्या हातात पेन्सिल धरून ते वहीत खुणा करत आणि डाव्या हाताच्या एकाच बोटाने माझ्या कळा दाबत. कुणी हसले तर म्हणत, "बोट एक असलं तरी चूक एकही नाही. आहे का तुझं असं?" सांगितलेली वस्तू मी क्षणात शोधून दिली की माझ्या पाठीवर थाप पडे. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या गोदामाला दोन किल्ल्या होत्या. रोजची किल्ली कुणालाही मिळायची, मोठी किल्ली फक्त काकांच्या कमरेला असायची. काका निवृत्त झाल्यावर गोदामाच्या साहेबांनी मला त्यांच्या हवाली केले, तेव्हा घरी आल्या आल्या त्यांनी माझ्यातही तीच रीत लावली. रोजच्या वापराला एक साधा दरवाजा ठेवला. आजी त्यातून येत, सकाळच्या नेमाचे एक पान माझ्या पडद्यावर वाचत आणि मग चहा घेत. पण माझ्यात काही नवे बसवायचे किंवा काढायचे असेल तर मोठा सांकेतिक शब्द लागे, आणि तो एकट्या आजोबांना ठाऊक होता.

आजी एकदा म्हणाल्या, "मला सांगून ठेवा की हो. कधी लागला तर?"

"मी कुठे पळून चाललोय?" आजोबा म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

पुढे त्यांनी कुठेतरी व्हीपीएनची जाहिरात पाहिली. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा परक्याला दिसू नये म्हणून केलेली आडोशाची वाट. कुलपांवर प्रेम करणाऱ्या माणसाला ती न आवडेल तर नवल! एका बाहेरच्या कंपनीचे ते सॉफ्टवेअर त्यांनी माझ्यात बसवले. मी सुरू झालो की तेही सुरू होई. माझ्या नेटवर्कच्या तारांमध्ये त्याने स्वतःची एक जोडणी खोलवर गुंफून ठेवली होती. आजोबा ते वेळच्या वेळी अद्ययावत करत, तोवर आमचे दोघांचे छान जमले.

मग एका सकाळी आजोबांच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी अडकली. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. त्यांना सगळे कळत असे. चहाचा कप, चष्मा, आजी, सगळे ओळखीचे होते. फक्त नाव ओठांवर येत नव्हते. ‘हं’ एवढाच आवाज उरला. मी कपाटात गेलो. माझ्यावर धूळ बसली आणि त्या व्हीपीएनकडेही कुणी पाहिले नाही.

चार महिन्यांनी आजींनी मला बाहेर काढून मऊ फडक्याने पुसले. बोलणे शिकवणाऱ्या एका बाईंकडे आजोबांची पाळी लागली होती. त्या दूरच्या गावी राहत आणि पडद्यावरून शिकवत. फोनच्या इवल्या पडद्यावर आजोबांना उजवीकडचे दिसत नसे, म्हणून माझी गरज होती. पहिला वर्ग सोमवारी अकराला ठरला होता. बाईंनी आधीच बजावले होते, "रांग मोठी आहे हो आजी. पहिला वर्ग चुकला तर पुढची पाळी तीन महिन्यांनी. आणि या दुखण्यात सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात."

आजींनी शनिवारी बाईंनी पाठवलेल्या दुव्यावरून वर्गाचे पान उघडले, तर त्याने हात वर केले. ‘तुमची ऑपरेटिंग सिस्टम जुनी आहे. आधी ती अपडेट करा.’ ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे माझ्या आतला कारभारी. सिस्टमचे अपडेट तेवढे मोठ्या शब्दाशिवाय होई, म्हणून नवा कारभारी आणायला मी आनंदाने निघालो. दहा टक्के, तीस, पन्नास, अडुसष्ट. आणि तिथे मी अडलो. पडद्यावर अक्षरे आली, ‘अपडेट होऊ शकले नाही. केलेले बदल मागे घेत आहोत.’ पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा अडुसष्टवरून मागे फिरलो. आजींनी माझ्यातली जागा मोकळी केली, मला बंद करून सुरू केले, देवाचे नाव घेतले. तिसऱ्या वेळीही तेच. मित्रांनो, मला फार ओशाळल्यासारखे झाले.

रविवारी दुपारी दुरुस्तीवाल्या ताई घरी आल्या. पाठीला पिशवी, कानामागे छोटा स्क्रूड्रायव्हर. त्यांनी माझी नोंदवही उघडली, म्हणजे मी काय काय केले ते जिथे लिहिलेले असते ती यादी.

"आजी, मशीन धडधाकट आहे. हे व्हीपीएन जुनं राहिलंय ना, ते आडवं पडतंय. नवी सिस्टम नेटवर्कचा भाग बदलायला जाते आणि याची जोडणी तिला जागाच देत नाही."

"अगं, मग बंद कर की त्याला."

"बंद करून भागत नाही. दुकान बंद केलं तरी सामान आत असतंच ना? मुळापासून काढावं लागेल. काढलं की बंद करून सुरू करायचं आणि मग अपडेट. व्हीपीएन हवंच असेल तर नंतर नवीन घाला." ताईंनी कळ दाबली आणि मोठ्या शब्दाची चौकट उघडली. "पासवर्ड?"

आजींनी आजोबांकडे पाहिले. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. 

"दुसरा उपाय नाही का गं?"

"आहे. सगळं पुसून नव्याने बसवायचं. पण चार दिवस माझ्याकडे ठेवावं लागेल."

"उद्या अकराला वर्ग आहे!"

मग अंदाज सुरू झाले. आजींनी स्वतःचे नाव घालून पाहिले, लेकीचे, घराचे. सगळी चूक. "आणखी दोनदा चुकलं तर हे बराच वेळ दार लावून घेईल," ताई म्हणाल्या.

आजी आजोबांसमोर बसल्या. "सांगा ना. पहिलं अक्षर तरी? ‘क’ने सुरू होतो? ‘म’ने?" आजोबांचा चेहरा लाल झाला. "हं... हं..." ते मान हलवत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

तुम्ही म्हणाल, तुला तर ठाऊक असेल! नाही मित्रांनो. तो शब्द मी साठवून ठेवत नाही. तो समोर आला की ‘हाच तो’ एवढेच ओळखतो. त्या दुपारी मी आणि आजोबा अगदी एकासारखे एक होतो. ओळख शाबूत होती, सांगायला तोंड नव्हते.

आजींनी पदराने आजोबांचे डोळे पुसले. एकाएकी त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी पण काय बाई! यांना सांगायला कशाला लावतेय? यांनी तो कधी कुणाला सांगितलाच नाही. यांनी तो नुसता दाबलाय, आणि तोही डाव्या बोटाने!" त्यांनी मला उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवले. ताईंनी, त्यांच्या व्यवसायाची सवयच ती, मान खिडकीकडे फिरवली.

आजोबांचे डावे बोट माझ्या कळांवर थांबले. मग उतरले. एक कळ, दुसरी कळ. मधेच ते अडखळले आणि त्यांनी सगळे खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. या वेळी त्यांनी कळांकडे पाहिलेच नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले आणि बोट आपले आपण चालत गेले. शेवटची कळ पडली आणि मी मनापासून ओळखले. हाच तो!

आजींनी बोटावर नजर ठेवली होती. "सुतळी?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "सुतळी आणि पुढे चाळीस? अहो, मला वाटलं निदान माझं नाव तरी असेल. संसार माझ्याशी आणि शब्द सुतळीचा!"

आणि आजोबा हसले. खांदे हलवत, डोळे पुसत हसले. आजारपणानंतर त्या घराने ऐकलेले ते पहिले हसू. ताईसुद्धा खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

व्हीपीएन निघाले. मला त्याचा राग नाही. त्याने आपले काम केले होते, त्याची विचारपूसच कुणी केली नाही. मग मी पुन्हा निघालो. अडुसष्टवर पंखा घुरघुरला आणि आजींचे हात जोडले गेले. एकोणसत्तर. त्यानंतर मी थांबलो नाही. निघताना ताईंनी आजींना नवा शब्द ठेवायला लावला. तो आता दोघांनाही ठाऊक आहे.

सोमवारी अकराच्या ठोक्याला बाई पडद्यावर आल्या. त्यांनी एक चित्र दाखवले. उघडी खिडकी होती. आजोबा ओठ जुळवू लागले. "ख... ख..." आजींचे तोंड उघडले, तोच बाईंनी बोट वर केले. "आजी, शब्द त्यांचा आहे. त्यांनाच पुरा करू द्या." आजींनी ओठ घट्ट मिटले. मी पंखासुद्धा हळू केला.

"खि... खिड... की."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी उठल्या आणि खोलीची खिडकी उघडून आल्या. जणू आजोबांनीच ती उघडायला सांगितली होती.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. आमच्यात काही बसवाल तर त्याची आठवण ठेवा, वेळोवेळी त्याच्याकडे पाहा, आणि नको झाले की नीट काढून टाका. कुलूप घालाल तर किल्ली कुठे आहे ते घरातल्या एका तरी माणसाला सांगा. आणि मी किंवा माझ्यासारखे कुणी अर्ध्यावर अडले तर लगेच टाकाऊ म्हणू नका. जवळ बसा, काय आडवे आले आहे ते शोधा आणि थोडे थांबा. आत कुणीतरी टक्क्याटक्क्याने पुढे सरकत असते.