थंडीतलं खाद्य

तळ्यातलं आपल्याला कळतं, एवढी एकच मिजास थोरल्याला होती. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. पण गळ घेऊन येणारी हौशी मंडळी तिकीट धाकट्या भावाकडे काढायची आणि सल्ला मात्र थोरल्याला विचारायची. मासा पकडायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा तो खेळ. त्यामुळे मासे वर्षानुवर्षं तेच. काही तर वडिलांनी सोडलेले. थोरला एकेकाला पाठीवरून ओळखायचा.

थंडीच्या तोंडावर धाकट्याने नवं खाद्य मागवलं. थोरल्याने चार गोळ्या चुरून पाहिल्या, तर तळवा तेलकट झाला. हे उन्हाळ्याचं खाणं. गार पाण्यात माशाचं पोट जवळजवळ बंदच असतं. त्याला गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य हवं, तेही भर दुपारी, मूठभर. पाणी फारच गारठलं तर तेही नको.

हे सांगायला तो ऑफिसात गेला. तिथे गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्याने तोंड उघडायच्या आत धाकटाच बोलला, "दादा, थंडी सरली की स्पर्धा आहे. एकेक मासा किलोभर वाढला पाहिजे. रोज दोन बादल्या टाकायच्या, सकाळ-संध्याकाळ. आणि तुझं ते अंदाजपंचे आता पुरे हं."

गिऱ्हाइकं हसली. आदल्याच आठवड्यात ज्याला थोरल्याने गळ बांधून दिला होता, तोही हसला.

"तू म्हणशील तसं," थोरला म्हणाला. त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या, की पुढचं सगळं त्याने गिळून टाकलं.

थोरल्याच्या हातून रोज दोन बादल्या पडू लागल्या. मासे वर यायचे, दोन घास घ्यायचे आणि खाली जायचे. उरलेलं बुडायचं. आठवड्याभराने त्याने तळाशी जाळी फिरवली, तर बुरशी धरलेला लगदा वर आला. वास असा, की हात तीनदा धुवावे लागले.

घरी बायको म्हणाली, "अहो, भावजींना सांगा की."

"विचारलं का त्याने मला?"

"आणि मासे मेले म्हणजे?"

"दोन-चार मरतील. मग येईल झक मारत. चांगली जिरेल त्याची."

दोन-चार मेले की हात आवरायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मासे मात्र दोन-चार करून मेले नाहीत. सलग तीन दिवस ऊन पडलं नाही, वाराही थांबला, तळाच्या कुजक्या घाणीने पाण्यातली हवा संपवली आणि चौथ्या सकाळी अख्खं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून थोरला एकेक मासा उलटा करून बघत राहिला. सगळे ओळखीचे होते.

दुपारपर्यंत दोघे भाऊ जाळीने मासे काढत होते. धाकटा रडत होता, अगदी लहानपणी रडायचा तसा. एक जुनं गिऱ्हाईक काठावर येऊन थबकलं. "अरे, हे झालं तरी कसं?"

"काय सांगू?" धाकट्याने डोळे पुसले आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खाद्य मी आणलं. पण रोज दादा स्वतः टाकत होता. त्याचा उभा जन्म इथे गेला. त्यालाच काही कळलं नाही, तर मला काय कळणार?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकाने थोरल्याकडे पाहिलं. "खरंच नाही कळलं तुम्हाला?"

खरं सांगितलं तर जाणूनबुजून मारल्यासारखं, खोटं सांगितलं तर आयुष्यभराचं जाणतेपण पाण्यात.

"नाही," थोरला म्हणाला. "नाही कळलं."

चहा घेऊन आलेली बायको दोन पावलांवर उभी होती. तिने दिराला कप दिला, गिऱ्हाइकाला दिला. नवऱ्याचा कप काठावरच्या दगडावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता ती घराकडे वळली.