दुसऱ्यांदा मोजलेलं

वडिलांनी चिखलाचे बूट दाराबाहेर काढले आणि मोज्यांवरच ते प्रयोगशाळेत आले. हातात ज्येष्ठमधाच्या मुळांची पिशवी.

“मॅडम, माल आणलाय. तीन वर्षं सांभाळलाय, जरा मायेनं दळा.”

“बाबा, इथे मॅडम म्हणू नका.”

“मग काय, साहेब म्हणू?”

शेजारच्या टेबलावरची सहकारी हसली. मुलगी हसली नाही. तिनं मुळं दळली, वजन केलं, अर्क काढला, गाळून यंत्राला लावला. ग्लिसरायझिन, म्हणजे मुळातलं औषधी सत्त्व, चार टक्के भरलं तर माल औषधांच्या कारखान्यात जाणार होता. कमी भरलं तर चघळायच्या गोळ्या करणाऱ्याकडे. वडील बाकावर बसून राहिले.

दुपारी आकडा आला. तीन पूर्णांक नऊ.

“काठावरचं आहे गं,” सहकारी हळूच म्हणाली.

मुलीनं कागदावर सही केली आणि तो वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

“गोळ्या तर गोळ्या. पोरं चघळतील तरी. रविवारी येतेस?”

“बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बुटांच्या नाड्या बांधता बांधता ते कोसळले आणि गेले.

रजेवरून परतल्यावर तिनं राखीव नमुन्यांचं कपाट उघडलं. प्रत्येक मालाची एक बाटली तिथे वर्षभर ठेवत. अर्क जरा कमी उतरला तरी आकडा घसरतो, म्हणून काठावरचा माल ती नेहमी पुन्हा मोजायची, मग तो कुणाचाही असो. वडिलांचा तिनं एकदाच मोजला होता.

आता पुन्हा मोजला. तीन पूर्णांक नऊ.

“बघ, तुझं काही चुकलं नव्हतं,” सहकारी म्हणाली.

ती काचेचा चंबू धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

संध्याकाळी ती आईकडे गेली; वडिलांच्या शर्टांच्या घड्या आई घालत होती. मुलगी समोर बसून बटणं लावून देऊ लागली.

“त्या दिवशी तुझ्याकडून आले ते गल्लीभर सांगत सुटले,” आई म्हणाली. “पोरीनं बापाचासुद्धा वशिला चालू दिला नाही म्हणे. जेवतानाही तेच.”

मुलीची बोटं एका बटणावर थांबली.

“आई, दुसऱ्या कुणाचा माल असता तर मी तेव्हाच पुन्हा मोजला असता.”

“मग आता मोजलास ना? काय आलं?”

“तेच आलं.”

“मग झालं तर.”

“ते तिथे बाकावर बसले होते, आई. लोक नावं ठेवतील म्हणून मी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.”

आईनं हात पुढे केला, पण मुलीनं शर्ट सोडला नाही. मांडीवर घेऊन त्याची कॉलर तळहातानं सरळ करत राहिली.

“परक्याला देते तेवढंही मी तुम्हाला दिलं नाही, बाबा.”